नवीन टॉप लोड मशीन, पाणी चमचाभर, कपडे मळके ते मळकेच. कुणी सांगेल का?

फुलेवाडीकरीण
नमस्कार मंडळी. बारा वर्षं सेमी ऑटोमॅटिक वापरली. शेवटी तिच्या ड्रायरचा आवाज गल्लीच्या तोंडाला ऐकू यायला लागला, म्हणून दिवाळीत साडेसात किलोची फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड घेतली. मधी दांडा नाही, तळाला नुसती पंख्यासारखी थाळी. दुकानदार म्हणाला, "वैनी, पाणी निम्म्यानं वाचतंय बघा." वाचतंय खरं. पण कपड्यापर्यंत पोचतंय का, हेच कळंना झालंय.

परवा झाकणाच्या काचेतून बघत बसलो. खालचे कपडे भिजलेले, वरचा टॉवेल कोरडा ठणठणीत, नुसता गोल गोल फिरतोय जोतिबाच्या सासनकाठीगत. कॉलर निघत नाही. मिस्टरांच्या काळ्या पँटवर पांढरे फराटे. आणि डबल बेडची चादर टाकली की तिचा दोर होतो. काल तो दोर उलगडला तर आत मुलाचा मोजा निघाला, कोरडा! अख्खं धुणं झालं, पिळून झालं, आणि मोज्याला पाण्याचा थेंब लागला नाही.

मग मी वरनं बादलीनं पाणी ओततो. तर मशीन आणखीच कमी पाणी घेतंय. माझ्याशी वैर आहे का याचं? (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत.)

तालीमवाला
मशीन परत द्या आणि धोपाटणं घ्या. विषय संपला.

पुणेरी_जावई
एक शंका. आयडी फुलेवाडीकरीण आणि "बघत बसलो", "ओततो"? ताई की दादा?

मिरजकर_तिकटी
जावईबापू, नवीन दिसताय. आमच्या कोल्हापुरात बायकापण "मी जातो, मी येतो, मी जेवलो"च म्हणतात. सासुरवाडीला आल्यावर कान उघडे ठेवा.

पुणेरी_जावई
बायको पुण्यात वाढलेली आहे हो. सासूबाई मात्र "मी धुणं धुतलो" म्हणतात, मला वाटायचं सासऱ्यांबद्दल बोलतायत.

तालीमवाला
सासरे धुणं धुतात असं वाटलं? कोल्हापुरात? 😂

अण्णा_दुरुस्तीवाले
ताई, मशीन चांगलं आहे, पद्धत जुन्या मशीनची आहे. पंचवीस-तीस वर्षं हेच काम करतोय. फोन आला की दहातल्या सहा घरांत मशीनला काही झालेलं नसतं. तरी मी स्कूटर काढून जातो, चहा पितो, आणि मालकिणीला समजावून परत येतो.

सेमीमध्ये टब भरून पाणी असायचं. कपडे पाण्यात पोहायचे, घाण पाण्यात सुटायची. ह्या थाळीवाल्या मशीनमध्ये पाणी कमी आणि कपडे एकमेकाला घासून निघतात. थाळी फिरली की मधले कपडे खाली ओढले जातात, कडेनं वर येतात, परत मधी जातात. हे वरखाली चाललं तरच कपडा निघतो. टब गच्च भरला की वरखाली बंद, नुसता गोल फेरा. तुमचा टॉवेल फिरत होता म्हणता ना, ते हेच.

म्हणून पहिली गोष्ट, कपडे निम्मे करा. साडेसात किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन, आणि तेही सुती धुण्याच्या प्रोग्रॅमला. घरातल्या वजनकाट्यावर एकदा बघाच. जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, डबल बेडची सुती चादर जवळजवळ किलोभर, मोठा टॉवेल अर्धा किलो. तुम्ही दोन चादरी, चार जीन्स, चार टॉवेल टाकले की झालं सात. कागदावर बसतंय, टबात बसत नाही. दाबून कोंबायचं नाही, सैल टाकायचं, टबाचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा दिसला पाहिजे.

दुसरं, ते बादलीचं बंद करा. कारण उद्या लिहितो, आता एक फोन आलाय, कळंब्याला जातो.

सौ_शाहूपुरी
अण्णा, निम्मे कपडे टाकायचे म्हणजे दोनदा मशीन लावायचं. मग पाणी वाचलं कुठं आणि वीज वाचली कुठं? दुकानदार सांगताना हे सांगत नाहीत.

गावरान_गणित
सौ_शाहूपुरींशी सहमत. ही सगळी विकायची भाषा.

ओहायोतला_कोल्हापुरी
हा प्रश्न वाचून मजा वाटली, कारण इथं अमेरिकेत शेजारीपाजारी पंधरा-वीस वर्षं याच विषयावर भांडतायत. इथली जुनी टॉप लोड मशिनं मधी दांडा असलेली, त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. एका धुण्याला चाळीस गॅलनपर्यंत पाणी, म्हणजे दीडशे लिटर. मग सरकारनं पाणी-विजेचे नियम कडक केले, कंपन्यांनी दांडा काढून थाळी बसवली, पाणी निम्म्याच्या खाली आणलं. त्याला इथं हाय एफिशियन्सी म्हणतात आणि साबणाच्या बाटलीवर "एचई" असं चिन्ह असतं. म्हणजे फेस कमी करणारा साबण. पाणी कमी, फेस जास्त झाला की तो निघता निघत नाही.

इथल्या बायकापण बादलीनं पाणी ओततात हो. कोल्हापूर आणि ओहायो, घरोघरी मातीच्या चुली. एक युक्ती इथं सगळे सांगतात, एक-दोन टॉवेल आधी ओले करून टाकायचे. मशीन वजन करतं, त्याला वाटतं कपडे जास्त आहेत, पाणी जास्त घेतं.

सौ_शाहूपुरी, दोनदा लावलं तरी जुन्या एका धुण्याएवढं पाणी लागत नाही. बिलात बघितलंय.

तालीमवाला
ओहायोत तांबडा-पांढरा मिळतो का? नाही? मग कपड्याला डाग कसले पडतात तुमच्या?

ओहायोतला_कोल्हापुरी
भावा, जखमेवर चटणी चोळू नको.

अण्णा_दुरुस्तीवाले
आलो. ओहायोवाल्यांनी अर्धं काम केलं.

बादलीचं असं आहे. चालू करताना मशीन पाणी न घेता थाळी दोन-चार वेळा हलवून बघतं, किती जोर लागतोय त्यावरनं वजनाचा अंदाज घेतं आणि पाण्याची पातळी ठरवतं. मग पाणी सोडतं. टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते, पाणी चढेल तशी तिच्यातली हवा दाबली जाते, त्यावरनं मशीनला कळतं की पातळी आली. तुम्ही बादली ओतली की पातळी लगेच आली, मशीननं नळ बंद केला. वैर नाही ताई, तुम्ही त्याच्या वाटणीचं पाणी भरून टाकता.

ओल्या टॉवेलची युक्ती चालते, पण इकडच्या बहुतेक मशिनांना वॉटर लेव्हलचं बटणच असतं. वजन घेऊन झालं की आकडा दिसतो, तो एक-दोनानं वाढवायचा. बटण असताना फसवाफसवी कशाला?

आणि पावडर किती टाकता ते सांगा. खरं सांगा. डॉक्टर आणि मेकॅनिकला खोटं सांगायचं नसतं.

फुलेवाडीकरीण
डब्यातला चमचा असतो ना, ते दोन. शीग लावून. कॉलर निघत नाही म्हणून तीन केले मागच्या आठवड्यात. आणि वरनं वडी किसून.

अण्णा_दुरुस्तीवाले
अरारारा.

सौ_शाहूपुरी
यात अरारा काय? कपडे निघत नाहीत तर पावडर वाढवणारच माणूस. आमच्या सासूबाईंचं सोपं गणित होतं, फेस म्हणजे धुणं.

रसायन_मास्तर
वहिनी, फेस आणि स्वच्छता यांचा संबंध आपण मनानं जोडलाय. मळ काढणारे रेणू वेगळं काम करतात, फेस हे त्यांचं सोबतीला येणारं लचांड. उलट फेस जास्त झाला की कपड्यांमधे गादी तयार होते, मग ते एकमेकाला घासतच नाहीत. अण्णांनी वर लिहिलंच आहे की या मशीनचा सगळा जीव घासण्यात आहे. सुटलेला मळ फेसात लोंबकळत राहतो आणि विसळताना परत कपड्यावर बसतो. काळ्या पँटवरचे फराटे म्हणजे न विरघळलेली पावडर असणार. थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही, त्यात पाणी कमी. मगभर कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या किंवा सरळ लिक्विड वापरा.

मात्र वडी किसून टाकणं थांबवा. त्याचं कारण तुमच्या पाण्यात आहे. पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं?

फुलेवाडीकरीण
मिक्स. नळाचं आलं की टाकी भरतो, नाहीतर अपार्टमेंटचा बोअर.

मिरजकर_तिकटी
थेट पाइपलाइन आली ना आता काळम्मावाडी धरणाची? 2023 च्या दिवाळीत अभ्यंगस्नान केलो की सगळ्यांनी.

गावरान_गणित
पाइपलाइन आली, पाणी पण यायचं बघा रोजच्या रोज. आमच्यात परवा दोन दिवस नव्हतं.

मिरजकर_तिकटी
त्यावर वेगळा धागा काढा, इथं नको. मागचा धागा तीनशे प्रतिसादांवर गेला होता आणि शेवटी खड्ड्यांवर संपला.

रसायन_मास्तर
बोअर म्हणजे कठीण पाणी आलंच. आपल्या काळ्या दगडातनं मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. साबणाची वडी त्याच्याशी जुळून चिकट साका करते, तो कपड्यावर आणि टबाच्या पाठीमागं बसतो. बादलीच्या काठावर जो पांढरट थर धरतो तसाच. डिटर्जंट पावडरीला हा त्रास कमी, पण होतोच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा 200 मिलिग्रॅम लिटरला असला तर चांगलं, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. पिण्याला चालतं ते धुण्याला चालेलच असं नाही. आणि फिल्टरवाला जो पेनासारखा मीटर बुडवून दाखवतो तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा आकडा, कठीणपणा नव्हे. मीठ टाकलं तरी तो आकडा वाढतो.

घरी बघायचं असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एकीत नळाचं, दुसरीत बोअरचं, दोन्ही अर्ध्या. अंघोळीच्या साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाका आणि जोरात हलवा. नळाच्या बाटलीत फेस उभा राहील, बोअरच्या बाटलीत दुधागत गढूळ होऊन फेस बसेल. पावडर वापरू नका या प्रयोगाला, ती कशातही फेसाळते. आमच्या शाळेत सातवीची पोरं आवडीनं करतात हा प्रयोग.

सौ_शाहूपुरी
म्हणजे मास्तर एकीकडं सांगताय पाणी कठीण असलं की पावडर वाया जाते, दुसरीकडं अण्णा सांगताय पावडर कमी करा. नक्की काय?

रसायन_मास्तर
बरोबर पकडलंत. कठीण पाण्याला पावडर थोडी जास्त लागते हे खरं. पण "थोडी" म्हणजे दीड चमचा, तीन आणि वर वडी नव्हे. त्यापेक्षा नळाला पाणी असेल त्या दिवशी धुणं लावा.

अण्णा_दुरुस्तीवाले
ताई, एक करा. स्वच्छ धुतलेले, वाळलेले चार टॉवेल टाका. पावडर अजिबात नाही. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असला तर तो, नाहीतर नुसता नॉर्मल. पाच मिनिटांनी झाकणातनं बघा आणि इथं लिहा.

कागलचा_पाहुणा
मधेच विचारतो, राग मानू नका. चैत्रात जोतिबाला गेलो होतो, गुलालाचा शर्ट मशीनमध्ये टाकला, आता अख्ख्या घरादाराची बनियनं गुलाबी आहेत. उपाय?

तालीमवाला
चांगभलं म्हणा आणि घाला. देवाचा प्रसाद आहे तो.

निळीची_पुडी
गुलालाचा कपडा आधी कोरडाच दोरीवर टांगून झटकायचा. ओला केला की संपलं. मग थंड पाण्यात एकटा, गरम पाणी अजिबात नको. आता बनियनं मात्र पुढच्या यात्रेला ठेवा.

हळदीचं उलटं. तांबड्या रश्श्याचा किंवा हळदीचा डाग साबण लावला की लालभडक होतो, बायका घाबरतात. घाबरू नका, साबणातल्या क्षारानं हळदीचा रंग पालटतो. आधी तेल काढायला भांडी घासायचं लिक्विड चोळायचं, मग धुवायचं, आणि डाग वरच्या बाजूला करून उन्हात टाकायचं. दोन-तीन दिवसांच्या उन्हात हळद उडून जाते. हे कुठलंही मशीन करत नाही.

तालीमवाला
ताई नाद खुळा. आमच्या आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक सगळं असतं. पोरांचे कपडे घरात कुणी हातात धरत नाही. हे करून बघतो.

अण्णा_दुरुस्तीवाले
तालीमवाले, ती माती आधी बादलीत उतरवा. मशीनमध्ये माती घातली की ती टबाच्या आणि बाहेरच्या ड्रमच्या मधल्या फटीत जाऊन बसते. एका घरातनं मी मूठभर काढलीय. रोप लागलं असतं.

सौ_शाहूपुरी
मूठभर काय घेऊन बसलात. 2019 च्या पुरात आमचं मशीन चार दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर उघडलं तर टबात गाळ आणि एक बेडकी. मिस्टर लगेच पिन लावायला निघाले होते, मी ओरडलो म्हणून थांबले. मोटर, पॅनल सगळं गेलं होतं. 2021 ला मात्र पाणी वाढतंय म्हटल्यावर आधी मशीन जिन्यानं वर, मग माणसं.

पुणेरी_जावई
बेडकी धुवून निघाली का?

सौ_शाहूपुरी
जावईबापू, तुम्हाला सासुरवाडीला जेवायला बोलावतात का अजून?

फुलेवाडीकरीण
अण्णा, टॉवेलचं केलं.

धुतलेले टॉवेल होते, कपाटातनं काढले. पावडरचा कण नाही. पाचव्या मिनिटाला बघितलो तर वरपर्यंत फेस. बोटभर नाही, चांगला चार बोटं. दह्याच्या विरजणागत पांढरा. मिस्टरांना बोलावून दाखवलो. ते म्हणाले, "तू पावडर टाकलीस." शपथ घातल्यावर खरं वाटलं. तीनदा नुसत्या पाण्यानं काढलो तेव्हा फेस गेला. आणि ते टॉवेल वाळल्यावर मऊ! मला वाटायचं टॉवेल जुने झाले म्हणून पापडागत होतात.

म्हणजे इतके दिवस आम्ही अंग पुसताना साबणच लावत होतो होय?

अण्णा_दुरुस्तीवाले
आता कळलं का अरारा का म्हणालो? आता एक सपाट चमचा, लिक्विड असेल तर बाटलीवर लिहिलंय त्याच्याही थोडं कमीच सुरू करा. टॉवेलला कंडिशनर नको, पाणी टिपत नाहीत मग. टब एकदा रिकामा, टब क्लीनवर, किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक अ‍ॅसिड शंभर ग्रॅम टाकून चालवा. बोअरचा थर त्यानं सुटतो. त्यात ब्लीचिंगचं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. महिन्यातनं एकदा पुरे. धुणं झालं की झाकण उघडं ठेवा, आणि टबाच्या आतल्या बाजूची ती जाळीची पिशवी दर दोन धुण्यांनी मोकळी करा. पाण्याचा पाइप मशीनला जिथं लागतो तिथंही आत एक बारीक जाळी असते, वर्षातनं एकदा तोटी बंद करून काढून बघा.

कॉलरचं मशीनवर सोडू नका. ओल्या कॉलरला वडी हातानं चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग टाका. वडी तिथंच वापरायची, टबात किसून नाही.

गावरान_गणित
एवढं सगळं करायचं तर ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं? आमची आजी रंकाळ्याला धुण्याच्या चावीवर, म्हणजे कपडे धुवायच्या सार्वजनिक जागेवर जायची. दोन तासांत घरादाराचं धुणं आणि गल्लीभरच्या बातम्या, दोन्ही घेऊन यायची.

निळीची_पुडी
आणि आजोबा काय करायचे त्या दोन तासांत?

गावरान_गणित
तालमीत.

फुलेवाडीकरीण
पंधरा दिवस झाले, कळवायचं होतं.

आता कपडे पाच किलोच्या आत टाकतो. लेव्हल एकानं वाढवतो. धुण्याच्या आधी अर्धा तास भिजवायचं बटण आहे हे पुस्तकात सापडलं, पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. चमचा सपाट. काळी पँट काळी आहे. कॉलर चोळून टाकली तर निघते, नाही चोळली तर ऐंशी टक्के. दोनदा लावावं लागतं हे सौ_शाहूपुरींचं खरं, पण पावडरचा डबा पंधरा दिवसांत निम्मापण झाला नाही, एरवी संपलेला असायचा.

फक्त चादर. तिचा दोर अजून होतोय.

ओहायोतला_कोल्हापुरी
चादर घडी घालून किंवा टबाच्या कडेनं गोल गुंडाळून टाकता का? तसं नको. एक टोक धरून, मुठीमुठीनं सैल सोडायची, आणि तिच्याबरोबर मोजे-रुमाल असलं बारीक काही टाकायचं नाही. दुसरी चादर किंवा दोन उशांचे अभ्रे एवढंच. पिळताना मशीन धडाधड उडत असेल तर पाय हलतायत का बघा, चारी पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

कागलचा_पाहुणा
रेनकोट टाकला तर चालतो का मग?

अण्णा_दुरुस्तीवाले
पिळायला अजिबात नको. रेनकोट, ताडपत्री, मेणकापड, पाणी धरून ठेवतं ते. फिरताना एका बाजूला वजन येतं आणि मशीन चालत चालत हॉलमध्ये येतं. खोटं वाटत असेल तर राजारामपुरीतल्या एका घरातली फुटलेली फरशी दाखवतो.

फुलेवाडीकरीण
आज मुठीमुठीनं सोडून टाकलो. दोर झाला, पण सैल. आत रुमाल निघाला एक, चुकून गेला होता.

ओला होता.

मिरजकर_तिकटी
जगात भारी! आता सोलापुरी चादर टाकून बघा.

अण्णा_दुरुस्तीवाले
सोलापुरी एकटी. तिच्याबरोबर कुणी नको. आणि लेव्हल पूर्ण वर.